तटस्थपणाचं बिल कोण भरतं?

मे 2025मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली आणि काही दिवस हा देश आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन बसला. पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं विकायची नाहीत असं ठरवलं. मुंबईसह अनेक विमानतळांवर काम करणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी केंद्र सरकारने काढून घेतली. दिल्लीच्या जेएनयूने मालात्या शहरातल्या इनोनू विद्यापीठाबरोबरचा करार स्थगित केला. या बातम्या वाचताना मी त्या विद्यापीठाच्या नावापाशी थांबलो. कारण तुर्की युद्धाच्या काळात कशी वागते, हा प्रश्न ज्याच्यामुळे जगापुढे पहिल्यांदा ठळकपणे आला, त्या माणसाचं ते नाव आहे.

इस्मेत इनोनू हा अतातुर्कचा सहकारी. अतातुर्कच्या मृत्यूनंतर 1938मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि दुसरं महायुद्ध जवळपास संपत येईपर्यंत त्याने देशाला लढाईबाहेर ठेवलं. त्या काळात जर्मन फौजा ग्रीस आणि बल्गेरियापर्यंत आल्या होत्या. उत्तरेला आणि पूर्वेला सोव्हिएत रशिया होता, दक्षिणेला इराक आणि सीरियात ब्रिटिश होते. नकाशा उघडून बघितलात तर हे किती अवघड होतं ते कळेल.

मे महिन्यात सोशल मीडियावर तुर्कीबद्दल दोनच मतं दिसत होती. एक, हा दुटप्पी देश आहे. दोन, हा धूर्त देश आहे, आपणही त्यांच्यासारखं वागायला शिकलं पाहिजे. गंमत म्हणजे तुर्कीबद्दल ही दोन्ही मतं 1939पासून चालत आलेली आहेत, आणि त्यांवर पुस्तकं, सिनेमे, मालिका निघालेल्या आहेत. त्यातल्या चार कृतींबद्दल मला इथे लिहायचं आहे: एक अभ्यासग्रंथ, एक हॉलिवूडपट, एक डॉक्युमेंटरी आणि एक नेटफ्लिक्स मालिका. चौघांनाही मी एकच प्रश्न विचारणार आहे. तुर्की युद्धातून वाचली, हे खरं. पण त्या वाचण्याची किंमत कोणी दिली, आणि ती देणारी माणसं या गोष्टीत दिसतात का?

अवतरणचिन्हांतला शब्द

सेलिम देरिंगिल या तुर्की इतिहासकाराचं ‘टर्किश फॉरेन पॉलिसी ड्युरिंग द सेकंड वर्ल्ड वॉर: ॲन “ॲक्टिव्ह” न्यूट्रॅलिटी’ हे पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने 1989मध्ये प्रसिद्ध केलं. या विषयावर काहीही वाचायला गेलात तर त्याचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही. शीर्षकातला ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द लेखकाने अवतरणचिन्हांत ठेवलाय, आणि पुस्तकाचा सगळा वाद त्या शब्दाभोवती आहे.

आपण तटस्थ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कुंपणावर बसलेला माणूस येतो. देरिंगिल दाखवतात की तुर्कीच्या बाबतीत तटस्थ राहणं हे रोजचं, दमवणारं काम होतं. काही तारखा बघा. सप्टेंबर 1939च्या अखेरीस परराष्ट्रमंत्री शुक्रू साराजोग्लू मॉस्कोला गेला. तिथे त्याला सुमारे तीन आठवडे ताटकळत ठेवलं, आणि मधल्या काळात रशियाने जर्मनीच्या रिबेनट्रॉपचं स्वागत केलं. साराजोग्लू रिकाम्या हाताने परतला. लगेच 19 ऑक्टोबरला तुर्कीने ब्रिटन आणि फ्रान्सबरोबर करार केला. भूमध्य समुद्रात युद्ध पेटलं तर तुर्की मदत करेल, असं त्यात होतं. पण त्याला एक पुरवणी जोडलेली होती: ज्यामुळे सोव्हिएत रशियाशी युद्ध होईल, असं काही करायला तुर्की बांधील नाही. जून 1940मध्ये इटली युद्धात उतरली, म्हणजे कराराप्रमाणे तुर्कीची पाळी आली. तिने ती पुरवणी पुढे केली आणि घरी बसली.

मग 18 जून 1941ला तुर्कीने जर्मनीबरोबर मैत्रीचा करार केला. चारच दिवसांनी हिटलरने रशियावर हल्ला केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीला क्रोम देण्याचा करार झाला, पण पुरवठा 1943पासून सुरू होणार होता. क्रोमशिवाय चिलखती पोलाद बनत नाही, त्यामुळे हा साधा व्यापार नव्हता. ब्रिटनशी करार कायम, जर्मनीशी मैत्री, रशियाला दुखवायचं नाही. सगळ्यांशी एकाच वेळी बोलणी चालू.

पुस्तकातला सगळ्यात वाचनीय भाग म्हणजे 1943. स्टालिनग्राडला जर्मन सैन्य कोंडीत सापडलेलं असताना, 30 आणि 31 जानेवारीला चर्चिल खुद्द तुर्कीत आला. अदाना शहराजवळच्या येनिजे स्टेशनवर रेल्वेच्या डब्यात त्याची आणि इनोनूची बैठक झाली. तुर्कीने आता दोस्तांच्या बाजूने उतरावं, हा आग्रह. इनोनू ‘नाही’ म्हणाला नाही. तो म्हणाला, आमच्याकडे विमानं नाहीत, रणगाडे नाहीत, आधी ते द्या. डिसेंबरमध्ये कैरोला चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी मिळून दबाव टाकला. तेव्हाही तत्त्वतः होकार आणि सोबत सामानाची लांबलचक यादी. यादी पूर्ण होणं अवघड होतं, आणि ती तशीच असणं तुर्कीच्या सोयीचं होतं. आपला दुबळेपणा हेच तुर्कीचं बोलणी करायचं हत्यार होतं, हा देरिंगिल यांचा मुद्दा इथे पुरता पटतो.

इनोनूला कमी ऐकू यायचं. 1922-23च्या लोझान परिषदेत तो तुर्कीचा मुख्य प्रतिनिधी होता आणि समोर होता लॉर्ड कर्झन, आपल्याकडे बंगालची फाळणी करून गेलेला. कर्झन तावातावाने बोलायला लागला की इनोनूला नेमकं काही ऐकू येत नसे, असं सांगतात. वीस वर्षांनी चर्चिललाही तोच अनुभव आला असणार.

1914ची धास्ती

हे सगळं निव्वळ चलाखीतून आलं असतं तर फ्रँक वेबर यांच्या 1979च्या ‘द इव्हेझिव्ह न्यूट्रल’ या पुस्तकाने लावलेला संधिसाधूपणाचा आरोप पुरेसा होता. देरिंगिल त्याच्या पलीकडे जातात. निर्णय घेणारी माणसं कोण होती आणि काय बघून मोठी झाली होती, हे ते विचारतात.

ही माणसं ऑटोमन साम्राज्याच्या फौजेत आणि कचेऱ्यांमध्ये तयार झाली होती. 2 ऑगस्ट 1914ला त्यांच्या सरकारने जर्मनीशी गुप्त करार केला होता. मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. 29 ऑक्टोबरला जर्मन ॲडमिरल सूशॉन ऑटोमन झेंडा लावलेली जहाजं घेऊन काळ्या समुद्रात गेला आणि रशियन बंदरांवर तोफा डागल्या. झालं, साम्राज्य युद्धात. चार वर्षांनी साम्राज्यच उरलं नाही. मूठभर माणसांच्या घाईमुळे देश कसा बुडतो, हे इनोनूच्या पिढीने तिशीत पाहिलं होतं. 1939मध्ये ही माणसं पन्नाशीत होती आणि पुन्हा तेच होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं.

इथवर मी देरिंगिल यांच्याबरोबर आहे. युद्धाबाहेर राहण्याचा फायदा किती मोठा होता ते शेजारच्या ग्रीसकडे बघितलं की समजतं. 1941-42च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये माणसं रस्त्यावर उपासमारीने मेली. तुर्कीने ‘कुर्तुलुश’ नावाचं जहाज अन्नधान्य भरून इस्तंबूलहून पिरेअसला पाठवलं. काही फेऱ्या झाल्यावर जानेवारी 1942मध्ये ते मार्मारा समुद्रात बुडालं, आणि मग दुसरं जहाज पाठवलं गेलं. तुर्कीत स्वतःलाच धान्य पुरत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. तटस्थ देश काय करू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे, आणि ते तुर्कीच्या नावावर जमा करायलाच हवं.

पण या पुस्तकात एक अडचण आहे, आणि ती त्याच्या जातीतूनच आली आहे. हा मुत्सद्देगिरीचा इतिहास आहे. ज्यांनी तारा पाठवल्या, टिपणं लिहिली, आठवणी छापल्या, त्यांच्या कागदांवर तो उभा आहे. तुर्की परराष्ट्र खात्याचं त्या काळचं दफ्तर संशोधकांना खुलं नव्हतं, त्यामुळे ब्रिटिश कागदांवर भर येणं साहजिक होतं. परिणाम असा की ‘तुर्कीने ठरवलं’, ‘तुर्कीने टाळलं’, ‘तुर्की वाचली’ या वाक्यांचा कर्ता कायम एकच राहतो. ही तुर्की म्हणजे खोलीतली दहा-बारा माणसं. खोलीबाहेरच्यांचं काय झालं, ते बघायला दुसरीकडे जावं लागतं.

पार्टीतला अंकारा

दुसरीकडे म्हणजे आधी हॉलिवूडमध्ये जाऊ. जोसेफ मँकिविझचा ‘फाइव्ह फिंगर्स’ 1952मध्ये आला. अंकारातल्या ब्रिटिश राजदूताचा खाजगी नोकर रात्री साहेबाच्या तिजोरीतले कागद काढतो, फोटो घेतो आणि जर्मनांना विकतो. जेम्स मेसनने हे काम इतकं थंड डोक्याने केलंय की आजही सिनेमा एका बैठकीत संपतो.

गोष्ट खरी आहे. त्या माणसाचं नाव एलियेसा बाझना. जर्मनांनी त्याला ‘सिसेरो’ हे टोपणनाव दिलं होतं. ऑक्टोबर 1943पासून काही महिने तो राजदूत सर ह्यू नॅचबुल-ह्यूजेसन यांचे कागद विकत होता. त्याबदल्यात सुमारे 3 लाख पौंड मिळाले, पण त्यातल्या बहुतेक नोटा जर्मनांनीच छापलेल्या बनावट निघाल्या. पुढे त्याने पश्चिम जर्मनीच्या सरकारकडे भरपाई मागितली, ती मिळाली नाही, आणि 1970मध्ये म्युनिकला तो वारला. सिनेमातली काउंटेस मात्र बनवलेली आहे. हॉलिवूडला ती लागतेच.

मला खटकतं ते वेगळंच. सिनेमा घडतो तुर्कीच्या राजधानीत, काही भाग तिथे जाऊन चित्रित केलेला आहे, पण तुर्कांना त्यात जवळपास कामच नाही. इंग्रज, जर्मन, पोलिश काउंटेस, अल्बेनियन नोकर, सगळे आहेत. चोरलेल्या कागदांत तुर्कीला युद्धात ओढायच्या बेतांचाही समावेश होता. म्हणजे ज्या देशाचं भवितव्य त्या कागदांत लिहिलेलं होतं, तो देश पडद्यावर फक्त मागचा देखावा आहे. बलाढ्य देश तटस्थ देशाकडे असेच बघतात: गुप्तहेरांनी भेटायची सोयीची जागा. देरिंगिल यांच्या पुस्तकाने निदान ही चूक सुधारली. त्यांनी यजमानाला खुर्ची दिली. पण त्या घराच्या दाराशी उभ्या असलेल्यांपर्यंत सिनेमाही गेला नाही आणि पुस्तकाचा भरही तिथे नाही.

‘सुखान्त’ डॉक्युमेंटरी आणि एक जहाज

दाराशी उभ्या असलेल्यांची गोष्ट सांगतो असं म्हणत 2011मध्ये ‘टर्किश पासपोर्ट’ आली. दिग्दर्शक बुराक अरलिएल. नाझींच्या ताब्यातल्या युरोपात तुर्की वकिलातींमधल्या अधिकाऱ्यांनी ज्यूंना कागदपत्रं देऊन वाचवलं, हा तिचा विषय. मुलाखती आहेत, नाट्यरूपांतरं आहेत, रेल्वेचे डबे आहेत. शेवटी माणसं इस्तंबूलला पोचतात. ज्यूंच्या संहारावरचा सुखान्त असलेला एकमेव चित्रपट, अशी तिची जाहिरात केली गेली.

या जाहिरातीनेच मी सावध झालो. डॉक्युमेंटरीत खोटीच माणसं आहेत, असं मला म्हणायचं नाही. ऱ्होड्स बेटावरचा तुर्की कॉन्सल सेलाहत्तिन उल्कुमेन याने जुलै 1944मध्ये जर्मनांशी हुज्जत घालून सुमारे पन्नास जणांना मरणाच्या वाटेवरून परत आणलं. त्यातले सगळे तुर्की नागरिक नव्हतेही. इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याला 1989मध्ये गौरवलं. ही हिंमत अस्सल आहे. पण ती एका माणसाची हिंमत आहे, आणि डॉक्युमेंटरी ती सरकारच्या खात्यावर जमा करते.

सरकारचं खातं बघायचं तर जर्मन संशोधक कोरी गुटश्टाट यांचं तुर्की, ज्यू आणि संहार या विषयावरचं पुस्तक वाचावं. मूळ जर्मन पुस्तक 2008चं, इंग्रजी आवृत्ती 2013ची. त्याच काळात तुर्कीने परदेशात राहणाऱ्या आपल्या हजारो ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं, हे त्या कागदोपत्री दाखवतात. नागरिकत्व गेलं की वकिलातीचं संरक्षण गेलं. काही शे माणसं 1944मध्ये फ्रान्सहून गाड्यांनी इस्तंबूलला आली, हे खरं. पण गाडीत बसायला कोण पात्र आहे, हेही तुर्की सरकारच ठरवत होतं.

आणि मग ‘स्ट्रुमा’. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर थोडं थांबून वाचा.

डिसेंबर 1941मध्ये रोमानियाच्या कॉन्स्टान्त्सा बंदरातून हे जुनं, मोडकळीला आलेलं जहाज सुमारे 770 ज्यू निर्वासितांना घेऊन पॅलेस्टाइनकडे निघालं. इंजिन वाटेतच बिघडलं. 15 डिसेंबरला ते इस्तंबूलला पोचलं आणि तिथे दहा आठवडे उभं राहिलं. ब्रिटन पॅलेस्टाइनचे परवाने देईना आणि तुर्की कोणाला किनाऱ्यावर उतरू देईना. गंमत नाही, पण योगायोग असा की ज्याच्या तिजोरीतून पुढे सिसेरोने कागद चोरले, त्याच नॅचबुल-ह्यूजेसनने माणुसकीच्या दृष्टीने जहाजाला दार्दानेल्सकडे जाऊ द्यावं असं तुर्कांना सुचवलं होतं, आणि लंडनमधल्या त्याच्याच वरिष्ठांना ते अजिबात आवडलं नाही. फेब्रुवारीत 11 ते 16 वयाच्या मुलांना घ्यायला ब्रिटन तयार झालं. मुलांना न्यायचं कसं, यावर घोळ झाला आणि तेही राहून गेलं. एक गरोदर बाई आणि इतर मोजके लोक तेवढे उतरू शकले.

23 फेब्रुवारी 1942ला तुर्की पोलीस जहाजावर चढले. प्रवाशांनी विरोध केला. टगबोटीने जहाज बॉस्फरसमधून ओढत नेलं आणि काळ्या समुद्रात सोडून दिलं. इंजिन बंद, इंधन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत पाणबुडीने टॉर्पेडो मारला. डेव्हिड स्टोलियार नावाचा एकच प्रवासी वाचला. पंतप्रधान रेफिक सायदाम नंतर संसदेत म्हणाला की इतरांना नको असलेल्यांचं घर तुर्की होऊ शकत नाही.

हे सगळं परराष्ट्र धोरणच आहे, हे लक्षात घ्या. निर्वासितांना उतरवलं तर ब्रिटन नाराज होईल, जर्मनी काय म्हणेल, उद्या आणखी जहाजं येतील. अदानाच्या डब्यात वापरलेला सावधपणा तोच आहे. तिथे त्याने देश वाचवला, इथे त्याने जवळपास 770 माणसं समुद्रात ढकलली. ‘कुर्तुलुश’ पिरेअसला धान्य नेत होतं तेव्हा ‘स्ट्रुमा’ त्याच इस्तंबूलच्या बंदरात उभं होतं. एकाच सरकारने एकाच हिवाळ्यात केलेल्या या दोन गोष्टी आहेत, आणि कोणीही एकच सांगितली तर ती अर्धवट आहे.

साहित्याच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. जर्मनीतून काढून टाकलेल्या अनेक ज्यू प्राध्यापकांना तुर्कीने 1933पासून विद्यापीठांत नोकऱ्या दिल्या. एरिश आउअरबाख 1936मध्ये इस्तंबूलला आला आणि ‘मिमेसिस’ हा समीक्षेतला मोठा ग्रंथ त्याने तिथेच, मे 1942 ते एप्रिल 1945 या काळात लिहिला. म्हणजे ‘स्ट्रुमा’ बुडाल्यावर तीनच महिन्यांनी, त्याच शहरात, तो लिहायला बसला. देशाला ज्यांचा उपयोग होता त्यांच्यासाठी दार उघडं होतं. ‘मिमेसिस’ची जन्मकथा आपण साहित्यिक लोक मोठ्या कौतुकाने सांगतो. त्यासोबत हेही सांगायला पाहिजे.

मातिल्दाच्या घरात

चौथी कृती नेटफ्लिक्सवरची ‘द क्लब’, मूळ तुर्की नाव ‘कुलुप’, 2021ची. वरवर बघता परराष्ट्र धोरणाशी तिचा काही संबंध नाही. 1950च्या दशकातलं इस्तंबूल, एक नाइटक्लब, गाणी, झगमगाट. मातिल्दा ही ज्यू बाई खुनाची शिक्षा भोगून तुरुंगातून सुटते आणि अनाथाश्रमात वाढलेल्या आपल्या मुलीला शोधते. गोक्चे बहादिरने ही भूमिका फार संयमाने केली आहे. पात्रं मधूनमधून लादिनो बोलतात, ही स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंची भाषा.

मातिल्दाने खून का केला, हे हळूहळू उलगडतं, आणि तिथे आपण 1942मध्ये पोचतो. त्या वर्षी 11 नोव्हेंबरला तुर्की संसदेने ‘वारलिक वेर्गिसी’ म्हणजे संपत्ती कर मंजूर केला. युद्धात न उतरताही सुमारे दहा लाखांची फौज उभी ठेवावी लागत होती, महागाई भडकली होती, साठेबाज माजले होते. सरकारने कारण तेच दिलं. कायद्यात धर्माचा उल्लेख नव्हता. पण याद्या करताना मुसलमानांसाठी एक अक्षर, गैरमुसलमानांसाठी दुसरं. आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू व्यापाऱ्यांवर त्याच धंद्यातल्या मुसलमानांपेक्षा कैक पट कर बसला. पंधरा दिवसांत भरा, अपील नाही. घरातल्या खुर्च्या-पलंगांचेही लिलाव झाले. तरी भरता आला नाही त्यांना पूर्वेला आश्काले इथे खडी फोडायला, बर्फ उपसायला पाठवलं. सुमारे 1,400 जण तिथे गेले, 21 जण परतले नाहीत. इस्तंबूलमध्ये हा कर वसूल करणारा वरिष्ठ अधिकारी फाइक ओक्ते याने पुढे 1951मध्ये पुस्तक लिहून हा अन्याय होता हे सांगितलं.

मालिकेत मातिल्दाचे वडील आणि भाऊ आश्कालेला गेलेले असतात. खबर देणारा तिच्या जवळचा माणूस असतो. इथे संवाद फार नाहीत. आणि मला वाटतं, चारही कृतींमध्ये तटस्थतेची किंमत सगळ्यात नेमकी इथेच दिसते, जिथे तटस्थता हा शब्द कोणी उच्चारतही नाही. मालिकेला दोष आहेत. प्रेमकथा ताणलेली आहे, काही प्रसंग गरजेपेक्षा देखणे आहेत. पण बाहेरच्या युद्धाचा खर्च घरातल्या कोणाच्या माथी मारायचा, हे सरकार कसं ठरवतं, ते तिने दाखवलं.

अल्पसंख्याकच भरडले गेले असंही नाही. 1943मध्ये शेतमालावर कर लागला आणि शेतकऱ्यांना धान्याचा वाटा सरकारला द्यावा लागला. प्रजासत्ताकाने 1925मध्ये रद्द केलेली जुनी दशांशपट्टीच परत आल्यासारखं गावांना वाटलं. 1950च्या पहिल्या खऱ्या खुल्या निवडणुकीत इनोनूचा पक्ष आपटला. लंडन, बर्लिन आणि मॉस्कोला ज्याने झुलवलं, त्याला अनातोलियाच्या मतदाराने घरी पाठवलं. देशाला युद्धातून वाचवणाऱ्या माणसाशी लोक असे का वागले, याचं उत्तर अदानाच्या इतिवृत्तात सापडणार नाही.

आता

23 फेब्रुवारी 1945ला तुर्कीने अखेर जर्मनी आणि जपानविरुद्ध युद्ध पुकारलं. 1 मार्चच्या आत युद्ध पुकारणाऱ्यांनाच संयुक्त राष्ट्रांच्या स्थापना परिषदेचं आमंत्रण मिळणार होतं. गोळी झाडायची वेळच आली नाही. तारीख मात्र तीच, ज्या दिवशी तीन वर्षांपूर्वी ‘स्ट्रुमा’ ओढून नेलं होतं.

आजची तुर्की इनोनूची नाही. ती नाटोत आहे, स्वतःचे ड्रोन विकते आणि शेजारी देशांत फौजाही पाठवते. पण युक्रेन युद्धात जुनी सवय ओळखू येते. 1936च्या माँत्रो कराराचा आधार घेऊन तिने फेब्रुवारी 2022अखेर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना सामुद्रधुनी बंद केली. युक्रेनला बायरक्तार ड्रोन दिले, रशियावर निर्बंध लावले नाहीत. मार्च 2022मध्ये अंताल्याला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांना एका टेबलावर बसवलं. 22 जुलैच्या इस्तंबूल करारामुळे पुढच्या वर्षभरात सुमारे 3.3 कोटी टन धान्य काळ्या समुद्रातून बाहेर पडलं. हे ‘कुर्तुलुश’च्या परंपरेतलं काम आहे, आणि ते मोठं आहे.

दुसरी परंपराही चालू आहे. लाखो सीरियन निर्वासितांना तुर्कीने आसरा दिला, युरोपातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. पण 2016मध्ये त्यांना आपल्याकडेच थोपवून धरण्यासाठी युरोपीय संघाबरोबर 6 अब्ज युरोंचा सौदा झाला. फेब्रुवारी 2020मध्ये सौदा फिसकटतोय असं वाटल्यावर तुर्कीने ग्रीसकडची दारं उघडी असल्याचं जाहीर केलं. हजारो माणसं सीमेवर पोचली आणि समोरून अश्रुधूर आला. निर्वासित पुन्हा एकदा दोन सरकारांच्या मधे, आणि दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत.

भारताला हे परकं वाटू नये. रशियाची एस-400 यंत्रणा आपणही घेतली, तुर्कीनेही घेतली. रशियाचं तेल आपण घेतो आणि त्याला स्वायत्त धोरण म्हणतो. तुर्की तेच करते तेव्हा आपल्या फीडवर त्याला दुटप्पीपणा म्हणतात. दोन्ही शब्द फेकून द्या, असं माझं म्हणणं नाही. पाकिस्तानला शस्त्रं देणाऱ्या देशावर राग येणं समजण्यासारखं आहे. पण धूर्त की दुटप्पी, एवढंच मोजत राहिलो तर आपण कायम खोलीतल्या दहा-बारा माणसांचेच गुण-दोष मोजत बसू. परराष्ट्र धोरण चांगलं की वाईट, हे ठरवताना त्याचा खर्च कोणावर पडला हा प्रश्न विचारायलाच हवा. तुर्कीच्या बाबतीत, आणि आपल्याही.

म्हणून मी देरिंगिल यांचं पुस्तक कोणी वाचू नये असं म्हणणार नाही, उलट वाचावंच. लहान देश मोठ्यांच्या मधे कसा टिकतो, हे इतकं बारकाईने सांगणारी पुस्तकं फार नाहीत. फक्त क्रम बदला. आधी ‘द क्लब’ बघा. ‘स्ट्रुमा’बद्दल जे सापडेल ते वाचा. इस्तंबूलला सरायबुर्नूच्या किनाऱ्यावर 2015पासून त्या जहाजातल्या माणसांसाठी सरकारी स्मरणकार्यक्रम होतो, म्हणजे तुर्कीलाही हे आता पूर्ण विसरायचं नाही. मग पुस्तक उघडा आणि येनिजे स्टेशनवरच्या त्या डब्यापर्यंत या. इनोनूच्या चलाखीचं कौतुक तेव्हाही वाटेल, मला वाटलं. पण प्रत्येक वेळी ‘तुर्की वाचली’ हे वाक्य आलं की त्यातली तुर्की म्हणजे नेमकं कोण, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.